पारख

रात्री नऊला, दुकान बंद करायच्या आधी,
मी भरड दळलेली पूड गार पाण्यात घालते,
पेजेच्या कण्यांएवढी जाड.
ढवळायची एकदाच.
मग झाकण, मग फ्रीज,
मग मी म्हापशाच्या शेवटच्या बसला.
अठरा तास तिला कुणी हात लावायचा नाही.
गिऱ्हाइकं विचारतात, एवढा वेळ?
मी म्हणते, मिठात घातलेल्या कैऱ्यांची बरणी
तुम्ही तासातासाला उघडता का?

दुसऱ्या दिवशी तीनला गाळते.
आधी जाळी, मग फडकं, मग कागद.
काळं उतरतं, पण कडवट नाही,
चिडायला उष्णताच मिळाली नाही तिला.

नायट्रोजन बाबलो आणतो.
तोच पर्वरीच्या पंपावर गाड्यांच्या चाकांत भरतो.
चाकांतला वेगळा, पोटातला वेगळा,
हे तो दरवेळी सांगतो
आणि मी दरवेळी सिलिंडरवरची चिठ्ठी वाचते.
हवेत पाऊण भाग हाच असतो म्हणे,
आपण आत घेतो, तसाच परत करतो,
फुकट.
आसगावात पेल्याला दोनशे ऐंशी.

पिंप आडवं घालून पायानं लोळवत राहते,
पाळणा हलवत भाजी निवडणाऱ्या बाईसारखी;
हातानं कालची बिलं लावते.
नळाच्या तोंडात एक चकती आहे,
चकतीला सुईनं पाडल्यासारखी पाच भोकं.
सगळी कॉफी त्या पाचांतूनच जाते,
आणि बाहेर पडते ती दुसरीच कुणी होऊन.
बुडबुडे वर जायचे सोडून
पेल्याच्या कडेनं खाली कोसळताना दिसतात.
बर्फ नाही, साखर नाही, नळी नाही.
लोक आधी फोटो काढतात.

त्या दिवशी सकाळी दहाला वीज गेली.
एप्रिल. पंखे थांबले,
फ्रीज हुंकार देऊन गप्प.
कोपऱ्यात रुझारमाम बसला होता,
मालकाकडून दोन कळशा फेणीचे पैसे यायचे होते
म्हणून शिवोलीहून आलेला,
हातांना बोंडांचा वास.
अकरापर्यंत पिंप कोमट झालं.
नळाला वीज लागत नाही, मी धरला पेला,
तर मोठेमोठे फुगे आले, साबणाचे असावेत तसे,
आणि मी टेबलाशी पोचेपर्यंत विरले.

‘माळ मोडली,’ रुझारमाम म्हणाला.

त्याला ग्राव मोजायचं यंत्र लागत नाही.
करवंटीतून करवंटीत उंचावरून धार धरतो,
कडेला मणी किती वेळ उभे राहतात ते बघतो
आणि सांगतो, अठरा. सांगतो, एकोणीस.
भट्टीवर मडकं तापतं तसं वरून पाणी ओतत राहायचं,
पोरगा झोपला की सगळी फेणी वाया,
हे त्यानं मला सांगितलं
आणि भोंगा ऐकून रस्त्यावर गेला.

एस्पेरान्साची स्कूटर होती, मागे मासळीची पेटी.
बांगडे संपलेले, बर्फ उरलेला.
दोघांनी तो गोणपाटात ओतला,
मी मूठभर मीठ टाकलं,
पिंप मानेपर्यंत पुरलं.
पाऊण तास कुणी काही बोललं नाही,
एस्पेरान्सा सोडून; तिनं मालकाच्या उधारीचा हिशेब
दोनदा पहिल्यापासून सांगितला.

मग नळ ओढला.
पेला भरला आणि आतून
वाळू घसरावी तसं काहीतरी
खाली, खाली, खाली गेलं,
वर बोटभर साय उभी.
रुझारमामानं तो दाराच्या उजेडात धरला.
ओठ हलत होते, मोजत होता.
मी फडकं हातात घेऊन उभी,
दहावीचा निकाल ऐकायला उभी होते तशी.

‘तुझे उलटे पडतात,’ तो म्हणाला,
‘पण टिकतात.’
किती ग्राव ते सांगितलं नाही.
मग प्याला, एका दमात, औषध प्यावं तसा,
आणि विचारलं, ह्यात चढतं काय?
नाही म्हटलं.
त्यानं माझ्याकडे फार दयेनं पाहिलं.

पांढऱ्या मिशीवर तपकिरी फेस तसाच.
सांगावा की नको,
हे ठरेपर्यंत
वीज आली.